बॅटरीतलं शिसं कामाला किती येतं?

शाळेतल्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलायला दोन माणसं लागतात. एवढ्या वजनातून ऊर्जा किती मिळते, याचा हिशेब आपण करू. दहावीच्या मुलांनाही तो जमेल.

एक अँपिअर-तास वीज देताना ऋण पट्टीवरचं 3.9 ग्रॅम शिसं, धन पट्टीवरचा 4.5 ग्रॅम लेड डायऑक्साइड आणि 3.7 ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल खर्च होतं. एकूण साधारण 12 ग्रॅम. एका घटाचा दाब 2 व्होल्ट, म्हणून ऊर्जा 2 वॅट-तास. म्हणजे किलोमागे सुमारे 170 वॅट-तास मिळायला हवेत. प्रत्यक्षात मिळतात 30 ते 40. बाकीचे कुठे गेले?

डबा, आम्लातलं पाणी, पट्ट्यांची शिशाची जाळी हे वजन तर उघडच बिनकामाचं. पण खरी मेख पट्टीच्या आत आहे. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होतं. ते विजेचं दुर्वाहक. त्याचा थर बसला की आतलं शिसं तसंच पडून राहतं. त्यात घाईने वीज ओढली, तर आम्लाला आतल्या छिद्रांपर्यंत पोचायला सवडच मिळत नाही. बॅटरीवर लिहिलेले 150 अँपिअर-तास बहुधा 20 तासांच्या सावकाश वापराचे असतात, म्हणजे 7.5 अँपिअरने. तिच्यातून 50 अँपिअर ओढले, तर तीन तास नव्हे, जेमतेम दोन तास मिळतात.

यावरचे उपाय जुनेच आहेत. 1859 मध्ये प्लांते यांनी शिशाचे सपाट पत्रे वापरले होते. 1881 मध्ये फोर यांनी शिशाच्या ऑक्साइडचा लगदा लिंपला आणि पट्टी सच्छिद्र झाली. पुढची गंमत लाकडाची. पूर्वी पट्ट्यांच्या मध्ये लाकडाच्या पातळ चकत्या असत. त्या जागी रबर आलं आणि बॅटऱ्यांची ताकद घटली! लाकडातून आम्लात उतरणारं लिग्निन ऋण पट्टीचं शिसं घट्ट होऊ देत नव्हतं. आता ते मुद्दाम मिसळतात. जोडीला चिमूटभर बेरियम सल्फेट. त्याचे स्फटिक लेड सल्फेटच्याच घडणीचे, म्हणून त्यांच्याभोवती सल्फेटचे बारीक, सुटे कण जमतात.

पट्ट्या पातळ केल्या तरी ऊर्जा वाढते, पण त्या लवकर झिजतात. मोटार सुरू करायला त्या चालतात, रोज उतरणाऱ्या इन्व्हर्टरला नाही.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, तर बारीक स्फटिक विरून मोठे, टणक होतात. मग चार्जिंगलाही ते दाद देत नाहीत. उन्हाळी सुट्टीत रिकामी पडलेली बॅटरी जूनमध्ये अर्धवटच भरते, ती यामुळे. तेव्हा कुलूप लावण्याआधी हायड्रोमीटर बुडवून पाहावा. 1.28 च्या आसपास आकडा दिसला, की ती पूर्ण भरली आहे.