चुनखडीच्या शिवारातली औषधं

येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक शिवारात वाकून चुन्याचे खडे वेचतात. कळंब तालुक्याची जमीनच तशी आहे. वर काळी कसदार माती, खाली मुरूम आणि मधेमधे चुनखडीचे पांढरे खडे. शेतकऱ्याला या चुनखडीचा त्रासच होतो. अशा रानात पिकाला लोह मिळत नाही आणि सोयाबीन, हरभरा पिवळा पडतो. पण मातीतून प्रतिजैविक बनवणारे जिवाणू वेगळे काढायचे असले, की प्रयोगशाळेतले संशोधक मातीच्या नमुन्यात मुद्दाम कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीचीच, पूड मिसळतात आणि ती माती काही दिवस ओलसर ठेवतात. त्या जिवाणूंना अल्कधर्मी माती मानवते, बुरशीला तेवढी मानवत नाही. ही तयारी आमच्याकडच्या जमिनीत निसर्गाने आधीच करून ठेवली आहे.

या जिवाणूंच्या मोठ्या घराण्याचं नाव स्ट्रेप्टोमायसीस. त्यांची ओळख आपल्याला नाकाने झालेली असते. मिरगाचा पहिला पाऊस तापलेल्या रानावर पडला की जो वास उठतो, त्यातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रसायनाचा असतो आणि ते प्रामुख्याने हेच जिवाणू तयार करतात. हा वास ते कशासाठी सोडतात, याचं एक सुंदर उत्तर 2020 साली मिळालं. मातीतले स्प्रिंगटेल नावाचे चिमुकले जीव या वासाने ओढले जातात, जिवाणूंची वाढ खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे पसरवतात. हेच जिवाणू आजूबाजूच्या जिवाणूंना रोखणारी रसायनंही बनवतात. आज दवाखान्यात लिहून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी बरीचशी थेट त्यांच्याकडून आलेली आहेत, किंवा त्यांनी दिलेल्या रेणूत फेरफार करून बनवलेली आहेत.

1943 साली अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याला स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, तेही भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतून. क्षयावरचं ते पहिलं खरं औषध. 1957 साली फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या पाइनच्या जंगलातल्या मातीतून रिफामायसिन मिळालं आणि त्यातून पुढे रिफाम्पिसिन तयार झालं. टीबीचं औषध सुरू झालं की लघवी नारिंगी होते, हे आपल्याकडे घराघरात माहीत आहे. तो रंग त्या फ्रेंच मातीतून आलेल्या औषधाचा. व्हँकोमायसिन बोर्निओच्या मातीतलं. डॅप्टोमायसिन तुर्कस्तानातल्या अरारात पर्वताच्या मातीतलं. इटलीच्या कालियारी शहरात ज्युसेप्पे ब्रोत्झू यांनी 1945 साली सांडपाणी समुद्राला मिळतं त्या जागेवरून एक बुरशी उचलली, तिच्यातून सेफॅलोस्पोरिनांचा सगळा परिवार उभा राहिला.

महाराष्ट्राचं नावही या यादीत आहे आणि ते विसरलं जातं, याचं मला वाईट वाटतं. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, त्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. तिथे पेनिसिलिन बनत होतंच, पण एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नव्या रेणूंचा शोधही चालवला होता. पिंपरीच्या मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसीसमधून त्यांना हॅमायसिन मिळालं. ते बुरशीविरोधी औषध होतं आणि त्या जिवाणूचं नावच पिंपरीवरून ठेवलं गेलं. पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन हेही तिथलंच. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या सरकारी कारखान्याने आपल्या अंगणातल्या मातीतून जगाला नवा रेणू द्यावा, ही अभिमानाची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

दुसरी गोष्ट मुलुंडची. तिथल्या मिठागरातल्या मातीतून होख्स्ट कंपनीच्या मुलुंड इथल्या संशोधन केंद्रात बॅसिलस जातीचा एक जिवाणू वेगळा काढला गेला. त्याच्यापासून मिळालेल्या मर्सासिडिनचा शोधनिबंध 1992 साली प्रसिद्ध झाला. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, म्हणजे दवाखान्यांना छळणारा एमआरएसए, या रेणूपुढे नमतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. जिवाणू आपल्या पेशीभित्तीच्या विटा लिपिड-2 नावाच्या रेणूवरून वाहून नेतात. मर्सासिडिन नेमकं त्याला धरून ठेवतं, आणि धरण्याची जागा व्हँकोमायसिनच्या जागेहून वेगळी आहे. व्हँकोमायसिनला सरावलेल्या जिवाणूवरही ते चालण्याची शक्यता त्यामुळेच होती. तरीही ते औषध म्हणून बाजारात आलं नाही. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो, प्रतिजैविक मात्र आठवडाभर. शिवाय चांगलं नवं प्रतिजैविक डॉक्टरांनी राखून वापरावं अशीच अपेक्षा असते. या हिशेबामुळे जगातल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या एकेक करून या क्षेत्रातून बाहेर पडल्या.

त्याच काळात जिवाणू मात्र थांबले नाहीत. पेनिसिलिन कमी मात्रेत घेतलं तर जंतू त्याला सरावतील, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या नोबेल व्याख्यानातच सांगितलं होतं. 2011 च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं दगावल्याचा अंदाज पुढे आला. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या दोन गोळ्या, सर्दीपडशासाठी लिहून दिलेलं प्रतिजैविक, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेलं औषध, या सगळ्यांचा त्यात हात आहे. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेलं औषध. भारतात ते कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात घातलं जात होतं आणि त्यावर बंदी यायला 2019 साल उजाडलं. उस्मानाबादी शेळी ही आमच्या जिल्ह्याची ओळख आहे. शेळीला हगवण लागली की हाताला लागेल ते इंजेक्शन टोचण्याची सवयही याच साखळीतली कडी आहे.

मग आपली झाडं, आपली औषधी परंपरा? हा प्रश्न दरवेळी येतो आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. जखमेवरच्या हळदीचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढा दिला आणि 1997 साली ते रद्द झालं. तो विजय खरा होता. पण त्यात सिद्ध झालं ते एवढंच की हे ज्ञान आपलं आणि जुनं आहे. न्यूमोनियाच्या रुग्णाला हळद वाचवेल, असं त्यातून सिद्ध होत नाही. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं पोहोचतं. कॉलेजांमधून कडुनिंबाच्या, तुळशीच्या, घाणेरीच्या पानांचा अर्क काढून पेट्री डिशवर जिवाणू न वाढल्याचं स्वच्छ वर्तुळ दिसलं की शोधनिबंध लिहिला जातो. अर्क पुरेसा घट्ट असेल तर वर्तुळ पुष्कळ वनस्पतींचं दिसतं. कोणता रेणू, किती सूक्ष्म मात्रेत आणि माणसाच्या पेशींना इजा न करता हे काम करतो, ते शोधल्याशिवाय त्या वर्तुळाला फारसा अर्थ नाही. पेनिसिलिनच्या तोडीचं, रक्तातून शरीरभर जाऊन काम करणारं जिवाणूनाशक वनस्पतींनी आजवर दिलेलं नाही.

वनस्पतींचं बळ बहुधा वेगळ्या जागी आहे. दारुहळदीत बर्बेरिन असतं. ते जिवाणूला मारू शकतं, पण स्टॅफिलोकॉकसच्या अंगात पंप असतात आणि ते बर्बेरिन उपसून बाहेर टाकतात. 2000 साली दारुहळदीच्या अमेरिकेतल्या भावंडांमध्ये असं दिसलं, की झाड बर्बेरिनच्या जोडीला आणखी एक रेणू बनवतं आणि तो हा पंपच बंद पाडतो. तो एकटा काहीच करत नाही, दोघं मिळून जिवाणूला संपवतात. जुनं प्रतिजैविक पुन्हा धारदार करणारे असे जोडीदार शोधण्यासाठी आयुर्वेदातल्या वनस्पती तपासाव्यात, असं मला मनापासून वाटतं. मिऱ्यातल्या पायपरिनमुळे रिफाम्पिसिन कमी मात्रेत पुरतं, या भारतीय संशोधनातून औषध बाजारातही आलं आहे.

तरी माझी नजर पुन्हा मातीकडेच जाते, कारण मातीचा फार थोडा भाग आपण पाहिला आहे. मातीतले बहुतेक जिवाणू, शंभरातले नव्याण्णव असं ढोबळपणे म्हणतात, प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या किम लुईस आणि स्लाव्हा एपस्टाइन यांनी यावर युक्ती काढली. सूक्ष्म छिद्रांच्या पट्टीत एकेक जिवाणू बंद करून ती पट्टी पुन्हा मातीतच पुरायची. जिवाणूला त्याच्या घरचं पोषण मिळतं आणि तो वाढतो. मेन राज्यातल्या एका गवताळ रानाच्या मातीतून 2015 साली त्यांना टिक्सोबॅक्टिन मिळालं. गंमत म्हणजे तेही लिपिड-2 लाच धरतं. मुलुंडच्या मिठागराने दाखवलेली दिशा चुकीची नव्हती. 2025 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या चमूने हॅमिल्टन शहरातल्या एका परसातली माती घेतली, तिच्यातले जिवाणू जवळपास वर्षभर सावकाश वाढू दिले आणि त्यांना लॅरिओसिडिन सापडलं.

कळंबच्या ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याने मात्र आणखी एक गोष्ट लक्ष देऊन वाचावी. हुमणी अळीने ऊस वाळू लागला की कृषी विभागाचे लोक कीटकांना मारणारे सूत्रकृमी सोडायला सांगतात. त्यातली हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात 1992 साली कोईमतूरच्या मातीतून जगाला माहीत झाली. हे सूत्रकृमी हुमणीच्या अंगात शिरतात आणि पोटातले फोटोऱ्हॅब्डस जिवाणू तिथे ओकतात. अळी दोनेक दिवसांत मरते. पण जमिनीत पडलेल्या त्या मेलेल्या अळीवर हजारो जिवाणू तुटून पडायला हवेत, तसं होत नाही. फोटोऱ्हॅब्डस तिच्या देहात प्रतिजैविकं तयार करून बाकीच्यांना दूर ठेवतो, आणि सूत्रकृमीच्या पिल्लांना त्या मेजवानीवर निवांत वाढता येतं. किम लुईस यांच्याच चमूने 2019 साली याच घराण्यातल्या जिवाणूतून डॅरोबॅक्टिन वेगळं काढलं. टिक्सोबॅक्टिनला जे जमत नाही ते याला जमतं. क्लेब्सिएलासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून एक जादा आवरण असतं आणि त्यामुळे बहुतेक औषधं आत शिरत नाहीत. डॅरोबॅक्टिनला आत शिरावंच लागत नाही. त्या आवरणातली प्रथिनं जागेवर बसवणारं यंत्रच ते बाहेरून अडवतं. आणि अळीच्या देहात तयार होणारं रसायन प्राण्याच्या ऊतींमध्ये टिकणारं, फारसं विषारी नसणारं असण्याची शक्यता मातीतल्या इतर रसायनांहून जास्त. उसाच्या बुडाशी चाललेलं हे युद्ध कळंबमध्ये कुणीतरी बारकाईने अभ्यासावं.

ही कामं फक्त परदेशात होतात असंही नाही. एरिथ्रोमायसिन 1952 साली आलं ते फिलिपीन्समधल्या इलोइलोच्या मातीतून. त्यापासून घडवलेलं नाफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचं औषध वोकहार्ट कंपनीने विकसित केलं. तीन दिवसांच्या उपचाराचं हे औषध 2024 च्या नोव्हेंबरात सादर झालं. कंपनीचं संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, आपल्याच मराठवाड्यात. लोणारच्या अल्कधर्मी सरोवराचं पाणी 2020 साली गुलाबी झालं तेव्हा त्याचं कारण पुण्याच्या आघारकर संस्थेने शोधलं. सूक्ष्मजीवांचे नमुने सांभाळणारी राष्ट्रीय केंद्रंही पुण्यात आहेत.

अमेरिकेत येल विद्यापीठातून 2012 साली जो हँडल्समन यांनी एक उपक्रम सुरू केला. महाविद्यालयातली पोरं आपापल्या अंगणातली माती आणतात, जिवाणू वाढवतात आणि रोगजंतूंच्या निरुपद्रवी नातेवाइकांसमोर त्यांची परीक्षा घेतात. कळंबला विज्ञान शिकवणारं महाविद्यालय आहे. बांधावरची, चुनखडीची, मांजरा नदीकाठच्या गाळाची, हुमणी लागलेल्या उसाखालची माती चार-सहा इंच खोलीवरून घ्यायची, वाळवायची, पातळ द्रावण करून स्टार्च-केसीनच्या बशीवर पसरायची आणि आठ-पंधरा दिवस धीर धरायचा. खडूसारख्या कोरड्या, पांढऱ्या-करड्या ठिपक्यांतून मातीचा वास आला की स्ट्रेप्टोमायसीस आला असं समजावं. याला महागडी यंत्रं लागत नाहीत. मात्र जुनेच रेणू पुन्हा सापडण्याचा धोका मोठा आहे, आणि पुढच्या टप्प्यावर पुण्याची मदत घ्यावी लागेल.

आणि काही सापडलंच तर ते कुणाचं? इलोइलोची माती गोळा करून एलाय लिली कंपनीला पाठवणारे डॉक्टर अबेलार्दो आगिलार होते. त्यांनी 1993 साली स्वामित्वधनाची मागणी केली, पण स्वामित्वधन न मिळताच ते वारले. भारताच्या 2002 सालच्या जैवविविधता कायद्यात जैविक संसाधनांच्या व्याख्येत सूक्ष्मजीव स्पष्टपणे घेतलेले आहेत आणि लाभाच्या वाटणीची तरतूदही आहे. गावोगावच्या जैवविविधता समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात झाडं, पाखरं, जनावरं, पिकांचे वाण यांच्याबरोबर गावातल्या मातीच्या प्रकारांची आणि त्यांतून काढलेल्या जिवाणूंची नोंद करता येईल. ती नोंद पहिला नमुना पुण्याला जाण्याआधी व्हायला हवी.