पिशवी काढण्याआधी: ओटीपोटाच्या जुन्या दुखण्यावर व्यायामाचा उपचार



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या मासिक बैठकीत एका ताईनं 35 हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर आधी गप्पच. मग हळूच म्हणाली, "पिशवी काढायचीय. तीन वर्षं झाली, ओटीपोट दुखतंय. गोळी घेतली की दोन दिवस बरं, परत तेच." वय अवघं 34. सोनोग्राफीत काही मोठं निघालेलं नव्हतं. तरी एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं, पिशवी काढली की कटकट संपेल.

कर्ज द्यायला कुणाचीच ना नव्हती. पण त्या दिवशी आशाताई बैठकीला होत्या. त्या म्हणाल्या, "कर्ज पुढच्या महिन्यातही मिळेल. काढलेली पिशवी परत मिळणार नाही. आधी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवू." तिथल्या बाईंनी नीट तपासलं आणि तिला फिजिओथेरपी विभागात पाठवलं. "पोट दुखतंय माझं, आणि मला व्यायाम करायला सांगतात!" असं म्हणत ती परत आली. आम्हालाही नवलच वाटलं. मग जे समजून घेतलं, ते तुम्हालाही कळावं म्हणून हा लेख.

ओटीपोटाखालची झोळी

बेंबीखालचं दुखणं सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकलं, तर ते जुनं दुखणं समजायचं. त्याची कारणं बरीच असतात. पिशवीचे किंवा अंडाशयाचे आजार, आत झालेला जंतुसंसर्ग, लघवीच्या पिशवीचा त्रास, बद्धकोष्ठता, सिझरचे जुने टाके, कंबरेचे मणके. बऱ्याचदा एकाच बाईला यातली दोन-तीन कारणं असतात. आणि एक कारण असं आहे, जे सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. ते म्हणजे स्नायू.

बाळासाठी आपण झोळी बांधतो ना, तशी स्नायूंची एक झोळी आपल्या ओटीपोटाच्या तळाशी असते. पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाचा मार्ग यांना ती खालून आधार देते. लघवी, शौच आणि पतीशी संबंध या वेळी ती सैल पडायला हवी.

पण सतत दुखत असेल, तर शरीर आपोआप आकसतं. दुखऱ्या हाताची मूठ आपण आवळून धरतो, तशीच ही झोळी आवळली जाते. बाळंतपणात झालेली जखम, जड ओझी, तासन् तास लघवी रोखून धरणं, मनावरचा ताण, भीती यांनीही ती आवळते. दिवसभर मूठ आवळली तर हात दुखेल की नाही? तसंच इथं होतं. दुखतं म्हणून आवळते आणि आवळते म्हणून आणखी दुखतं. पुढे पुढे तर नसाही इतक्या हळव्या होतात, की मूळचा आजार बरा झाला तरी दुखणं राहतं.

मग बसलं की टोचतं, संबंधाच्या वेळी आग होते, लघवी अडून अडून होते, शौचाला कुंथावं लागतं. अशा वेळी पिशवी काढली तरी आवळलेली झोळी तशीच राहते. ऑपरेशननंतरही काही जणी "दुखतंच आहे" म्हणतात, त्यामागचं हे एक कारण.

पिशवी काढणं म्हणजे दात काढणं नव्हे

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याची बातमी आठवत असेल. 2019 साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. जिल्ह्यातल्या 13 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पिशवी काढलेली असल्याचं तेव्हा पुढे आलं. त्यात बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

कर्करोग, मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी ऑपरेशन लागतं आणि ते जीवही वाचवतं. पण कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर अंगातून वाफा निघणं, हाडं ठिसूळ होणं हे त्रास लवकर मागे लागतात. म्हणून घाई नको. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि तीन प्रश्न विचारा: नेमका आजार काय? ऑपरेशनशिवाय दुसरा उपाय कोणता? थांबलं तर काय होईल?

तिथे गेल्यावर काय करतात?

लाज वाटते ती इथंच. आमच्या ताईलाही वाटली. पहिल्या दिवशी तर नुसतं बोलणंच झालं. दुखणं कधी वाढतं, बाळंतपणं किती, काम काय, पाणी किती पिता. मग कंबर, मांड्या, पोट, टाक्यांची जागा आणि श्वास तपासला.

कधी कधी हातमोजा घालून एका बोटानं आतून तपासावं लागतं. ते तुम्ही हो म्हटलं तरच. महिला तज्ज्ञ मागता येते, सोबत मैत्रीण नेता येते, मध्येच "थांबा" म्हणता येतं. आतून तपासणी नको असली, तरी बाहेरून बरेच उपचार होतात.

उपचार आठ-बारा आठवडे किंवा जास्तही चालतात. डॉक्टरांची औषधं मनानं बंद करायची नाहीत.

घरी काय करायचं?

डॉक्टरांनी तपासल्यावर ताईला शिकवलेल्या साध्या गोष्टी अशा:

• पोटाचा श्वास. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, एक हात पोटावर ठेवा. नाकानं श्वास घेताना पोट वर येऊ द्या, खालची झोळी सैल पडतेय असं मनात आणा. सोडताना जोर नको. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं.

• ताण सोडणं. झोपूनच दोन्ही गुडघे छातीजवळ घ्या आणि थोडे फाकवा. अर्धा मिनिट थांबा. दुखणं वाढलं तर सोडून द्या.

• शेक. कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर किंवा कंबरेवर 15 मिनिटं.

• लघवी आणि शौच. रानात आडोसा नाही म्हणून पाणी न पिणं, लघवी रोखणं सोडा. कुंथू नका.

• ओझं. हंडा, पाटी उचलताना श्वास कोंडू नका. श्वास सोडत उचला.

एक सावधगिरी. मोबाईलवर खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम दाखवतात. डॉ. केगेल यांच्या नावानं तो ओळखला जातो. खोकताना लघवी सुटते किंवा अंग बाहेर येतं, त्यांना तो उपयोगी पडतो. पण झोळी आधीच आवळलेली असेल, तर त्यानं दुखणं वाढू शकतं. कुणी तपासल्याशिवाय करू नका.

या वेळी व्यायाम नाही, लगेच दवाखाना

पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी चुकलेली असताना पोटात जोराची कळ, तापासोबत पोटदुखी, घाण वासाचं पाणी जाणं, लघवीतून रक्त, पोटात गाठ लागणं, कारण नसताना वजन उतरणं.

ताईचं पुढे काय झालं?

दुखणं पूर्ण गेलं असं ती म्हणत नाही. पाळीच्या दिवसांत अजून त्रास होतो. पण तीन महिन्यांनी ती खुरपणीला पूर्ण दिवस बसू लागली, रात्रीची झोप लागू लागली. नवऱ्याला सोबत नेऊन तिथल्या बाईंनी समजावलं, त्यानंतर घरातली चिडचिडही कमी झाली. 35 हजारांऐवजी तिनं गटातून दोन हजार घेतले, जाण्यायेण्याच्या भाड्यासाठी. ते फिटलेसुद्धा.

सख्यांनो, पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा. दवाखान्यासाठी कर्ज मागणाऱ्या बाईला अडवायचं नाही, पण "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलंस का?" एवढं जरूर विचारायचं. आशाताईंकडून आपल्या जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी कुठल्या वारी असते ते विचारून घ्या आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. एकटीनं जायला संकोच वाटत असेल, तर दोघी-तिघी मिळून जा.