जाहिरातीचं खरं मोल

फ्लिपकार्टसारख्या ऑनलाइन विक्री कंपन्यांचे ‘फक्त आजच सवलत’ छापाचे संदेश आपल्या मोबाइलवर येतात. त्यांनी खरंच खप वाढतो का, हे कसं कळणार?

समजा, दुकानदाराने 10,000 ग्राहकांना संदेश पाठवले. खर्च 2,000 रुपये. त्यातल्या 300 जणांनी खरेदी केली. म्हणजे एक ग्राहक सुमारे पावणेसात रुपयांना पडला? थांबा. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दुसऱ्या 10,000 जणांना मुद्दाम काहीच पाठवलं नव्हतं. तरी 250 जण आलेच. संदेशाची कमाई फक्त 50 ग्राहक, प्रत्येकी 40 रुपयांना!

या दुसऱ्या गटाला ‘नियंत्रण गट’ म्हणतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची ही युक्ती शेतातली आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. खताचा गुण कोणता आणि जमिनीचा कोणता, हे वेगळं काढण्यासाठी कोणत्या वाफ्याला खत द्यायचं, ते त्यांनी नशिबावर सोपवलं.

मजकूरही असाच पारखता येतो: निम्म्यांना एक वाक्य, निम्म्यांना दुसरं. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर फरक कशाने पडला, तेच कळत नाही.