एमबीबीएस झाले, आता युरोप? रत्नागिरीच्या तरुण डॉक्टरांनी आधी हे समजून घ्यावे

रत्नागिरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये १०० जागांची पहिली तुकडी सुरू झाली. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप धरली तर ही मुले २०२९ च्या आसपास डॉक्टर म्हणून बाहेर पडतील. सावर्ड्याच्या वालावलकर महाविद्यालयातून तर आधीच डॉक्टर बाहेर पडू लागले आहेत. रशिया, जॉर्जियात शिकून परत आलेली मुलेही जिल्ह्यात आहेत. या सगळ्यांत आपल्या समाजातील मुलेमुली आहेत. त्यांतले बरेच जण घराण्यातले पहिले डॉक्टर आहेत. त्यांच्याशी बोलायला बसले की एक प्रश्न हमखास येतो : नीट-पीजीला हवी ती शाखा मिळाली नाही, तर सरळ जर्मनी किंवा इंग्लंड गाठावे का?

प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर यूट्यूबवरच्या पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत मिळत नाही. तिथे जाऊन स्थिरावलेला डॉक्टर शेवटचा टप्पा दाखवतो. मधली दोन-तीन वर्षे कशी काढली, कोणी पैसे दिले, हे सहसा सांगत नाही.

युरोप म्हणजे एक देश नव्हे

पहिला गैरसमज इथेच होतो. युरोपीय संघात डॉक्टरांच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणारा २००५ चा एक निर्देश आहे. त्यानुसार स्पेनचा डॉक्टर जर्मनीत गेला तर त्याची पदवी जवळजवळ आपोआप मान्य होते. ही सोय भारतीय पदवीला नाही. आपली पदवी प्रत्येक देश वेगळी तपासतो. जर्मनीत तर १६ राज्ये आहेत आणि प्रत्येक राज्याचे परवाना देणारे कार्यालय वेगळे आहे. एका राज्यात सहा महिन्यांत निकाल लागतो, दुसरीकडे वर्ष उलटते. मित्राचे काम बव्हेरियात झाले म्हणून आपले बर्लिनमध्ये तसेच होईल असे धरून चालू नये.

जर्मनी : खरी परीक्षा भाषेची

जर्मनीकडे ओढा असण्याचे कारण समजण्यासारखे आहे. तिथे पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी नीट-पीजीसारखी प्रवेश परीक्षा नाही. परवाना मिळाला की रुग्णालयात सहायक डॉक्टर म्हणून थेट नोकरीसाठी अर्ज करायचा, आणि पगार घेत पाच-सहा वर्षांत तज्ज्ञ व्हायचे. लाखोंचे डोनेशन नाही. परदेशी नागरिकत्व असलेले ६० हजारांहून अधिक डॉक्टर आज तिथे नोंदलेले आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा गट सिरियातून आलेल्यांचा आहे. म्हणजे दार बंद नाही.

पण दारापर्यंत जायला जर्मन यावी लागते, आणि ती सुद्धा रुग्णाशी बोलता येईल इतकी. आधी सर्वसाधारण भाषेची बी-२ पातळी. त्यानंतर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा. तिला फाखश्प्राखप्र्युफुंग म्हणतात आणि तिची पातळी सी-१ ची असते. साधारण एक तासाची परीक्षा, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पहिल्या भागात रुग्णाचा इतिहास विचारायचा, दुसऱ्यात त्याचा लेखी अहवाल तयार करायचा, तिसऱ्यात वरिष्ठ डॉक्टरला ती केस समजावून सांगायची. इथे औषधशास्त्र तपासत नाहीत. घाबरलेली म्हातारी बाई बोलीभाषेत दुखणे सांगते ते तुम्हाला कळते का, हे तपासतात. आपल्याकडे मुंबईच्या डॉक्टरला मंडणगडच्या आजीचे 'पोटात कळा मारतंत' समजायला जसा वेळ लागतो, तसेच.

भाषेनंतर पदवीची समकक्षता. तुमचा अभ्यासक्रम विषयवार, तासवार जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात. कमतरता दिसली, आणि भारतीय पदवीत ती बहुधा दिसतेच, तर ज्ञानपरीक्षा द्यावी लागते. ती तोंडी आणि प्रात्यक्षिक असते. भर मेडिसिन आणि सर्जरीवर. शिवाय तातडीचे उपचार, औषधे, किरणोत्सर्गापासून संरक्षण, वैद्यकीय कायदा. नापास झाल्यास आणखी दोनदा बसता येते, त्यापुढे नाही. अनेक राज्यांत कागदोपत्री तपासणी टाळून सरळ या परीक्षेला बसण्याची मुभा असते आणि वेळ वाचवायचा असेल तर हाच मार्ग बरा पडतो.

दरम्यान तात्पुरता परवाना मिळू शकतो. तो साधारणपणे जास्तीत जास्त दोन वर्षांचा, बहुतेकदा ठरावीक रुग्णालयापुरता आणि देखरेखीखाली काम करण्यापुरता असतो. कायमचा परवाना, ज्याला अप्रोबात्सिओन म्हणतात, तो वेगळा. नोकरीचे पत्र वाचताना यांतला कोणता परवाना गृहीत धरला आहे ते नीट पाहावे.

एक जाता जाता. बाबासाहेबांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. त्यासाठी त्यांनी आपला परिचय जर्मन भाषेत लिहून दिला होता आणि तो त्या विद्यापीठाच्या दप्तरात आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी जर्मन आत्मसात केली. आपल्यापाशी तर मोबाइल आहे. अर्थात मोबाइलवर बी-२ होत नाही, त्याला रोजचे तीन-चार तास आणि साधारण वर्षभर लागते. गोएथे संस्थेची परीक्षा केंद्रे मुंबई आणि पुण्याला आहेत. रत्नागिरीच्या मुलाला प्रत्येक परीक्षेसाठी रात्रीची गाडी पकडावी लागते हेही हिशेबात धरा.

अजून एक घोटाळा दूर करू. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, सुरुवातीला १० हजार जणांचे उद्दिष्ट ठेवून. त्याच्या आरोग्य विभागाच्या यादीत परिचारिका, प्रयोगशाळा सहायक, रेडिओलॉजी सहायक अशी पदे आहेत. डॉक्टर नाहीत. या कराराचे नाव सांगून कोणी एमबीबीएस झालेल्याकडून नोंदणीचे पैसे मागत असेल तर सावध व्हा.

कागद, आणि कागदावरचे नाव

आरोग्य विज्ञान विद्यापीठाची गुणपत्रके, वैद्यकीय परिषदेचे सद्वर्तन प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी, अपोस्टिल, मग शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर. यांतली काही प्रमाणपत्रे दोन-तीन महिन्यांतच शिळी ठरतात, म्हणून आधी काय काढायचे आणि शेवटी काय, याचा क्रम लावावा.

सर्वांत जास्त अडते ते नावात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. कुठे वडिलांचे नाव आहे, कुठे नाही. आपल्या समाजात तर अनेक कुटुंबांनी जुने आडनाव सोडून नवे घेतले आहे. वडिलांच्या दाखल्यावर एक, मुलाच्या दाखल्यावर दुसरे. मुलींची नावे लग्नानंतर बदलतात. तिकडच्या कार्यालयातल्या कारकुनाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. राजपत्रातील नावबदलाची प्रत आणि ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र इंटर्नशिप सुरू असतानाच करून ठेवावे.

सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवाही आहे. तिचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. परदेशाची तारीख ठरवण्यापूर्वी चालू शासन निर्णय वाचावा. आणि ते वर्ष वाया जाते असे मला वाटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने काढलेली रात्रपाळी ज्ञानपरीक्षेत कामी येते.

ब्रिटन : परीक्षा सोपी, नोकरी अवघड

ब्रिटनमध्ये भारतीय पदवीला मान्यता मिळणे-जाणे हा जुना खेळ आहे. १९३० मध्ये तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढली, आणि त्याच वादातून १९३३ च्या कायद्याने भारताची स्वतःची वैद्यकीय परिषद उभी राहिली. १९७५ मध्ये मान्यता पुन्हा गेली आणि परीक्षा आली. आजची प्लॅब ही त्याच परंपरेतली. पहिला भाग १८० बहुपर्यायी प्रश्नांचा, तो भारतात देता येतो. दुसरा भाग मँचेस्टरलाच जाऊन द्यावा लागतो आणि त्याचे शुल्कच हजार पौंडांच्या घरात आहे. विमान, व्हिसा, राहणे वेगळे. त्याआधी इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७, किंवा ओईटीत प्रत्येक भागात बी श्रेणी. मराठी माध्यमातून आलेल्यांचे बहुतेकदा लेखनात अडते.

हे सगळे मेहनतीने पार होते. अडचण पुढे आहे. २०२५ मध्ये तिथे तज्ज्ञ प्रशिक्षणाच्या सुमारे १० हजार जागांसाठी ३० हजारांहून अधिक अर्जदार होते. त्याच वर्षीच्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात सरकारने आपल्या देशातील पदवीधरांना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. प्लॅब उत्तीर्ण, नोंदणी झालेली, पण नोकरी नाही, असे डॉक्टर तिथे थांबून आहेत. आज नव्याने कर्ज काढून हा मार्ग धरावा असे मी कोणाला सांगणार नाही.

कार्यकर्त्यांनी मात्र तिथली एक लढाई माहीत करून घ्यावी. २००६ मध्ये ब्रिटनने परदेशी डॉक्टरांचे नियम अचानक बदलले. तिथे आधीच असलेल्या डॉक्टरांनाही युरोपीय उमेदवारांच्या मागे ढकलणाऱ्या सूचना रुग्णालयांना गेल्या. बापिओ ही भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली आणि एप्रिल २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्या सूचना बेकायदेशीर ठरवल्या. एकेकट्याने अर्ज-विनंत्या करून हे झाले नसते.

पैसा कुठून?

इथे आपल्या मुलांचा सर्वांत मोठा तोटा होतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील ७५ विद्यार्थ्यांना मिळते. पण ती नामांकित विद्यापीठातील पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडीसाठी. जर्मनीत सहायक डॉक्टर होणारा कोणत्याही विद्यापीठाचा विद्यार्थी नसतो, तो कर्मचारी असतो. प्लॅब देणाराही विद्यार्थी नसतो. म्हणून भाषेचे वर्ग, परीक्षा शुल्क, भाषांतर, व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम, यांतले काहीही या शिष्यवृत्तीत बसत नाही. ही रक्कम व्हिसाच्या प्रकारानुसार बदलते. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ती वर्षाला ११,९०४ युरो म्हणजे दहा-बारा लाख रुपये आहे. ज्याच्या वडिलांकडे बागायत आहे त्याला हे जमते. आपल्यापैकी किती जणांना जमेल?

काही जण शिष्यवृत्ती मिळते म्हणून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतात आणि तिथून डॉक्टरकीत शिरता येईल असे समजतात. ती पदवी चांगली आहे, संशोधनाची दारे उघडते, पण तिने रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. तो वर सांगितलेल्या परीक्षांनीच मिळतो. समाजकल्याण खात्याकडे आणि बार्टीकडे मागणी करायची तर ती नेमकी करावी : वैद्यकीय पदवीधरांसाठी भाषा प्रशिक्षण आणि परवाना परीक्षांचे शुल्क. निवेदनात 'परदेशी शिक्षणाला मदत करा' एवढेच लिहिले की खाते शिष्यवृत्तीकडे बोट दाखवून मोकळे होते.

एजंट

परदेशात नोकरी लावून देणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. बरेच जण 'आम्ही नोकरी लावत नाही, फक्त मार्गदर्शन करतो' असे म्हणत चार-पाच लाख घेतात, म्हणजे कायद्याच्या कचाट्यातून सुटतात. अशा ठिकाणी तीन गोष्टी लेखी मागा : कोणत्या कामाचे किती पैसे, काम न झाल्यास किती परत, आणि मध्येच सोडल्यास दंड किती. मूळ पदवी आणि पासपोर्ट कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका.