तुमची स्वतःची विकी

कडुनिंबाची माहिती तुमच्या कुठल्या वहीत, कितव्या पानावर आहे? सांगा बघू पटकन! नाही ना आठवत? विज्ञानाच्या वहीत असेल, नाहीतर गुढीपाडव्याच्या निबंधात. मग उपसा सगळ्या वह्या!

यावर एक छान युक्ती आहे. तिचं नाव विकी. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली. होनोलुलूच्या विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून त्यांना हे नाव सुचलं. २००१ साली सुरू झालेला विकिपीडिया याच घराण्यातला. पण विकी फक्त जगासाठीच असते असं नाही. ती एकट्या तुमचीही असू शकते.

समजा, तुम्ही 'कडुनिंब' हे पान लिहिलंत. त्यात गुढीपाडवा हा शब्द [[गुढीपाडवा]] असा दुहेरी चौकटी कंसात टाकला, की तो दुवा होतो. त्यावर टिचकी मारा, ते पान हजर! पान नसेल, तर नवं लिहायला घ्या.

आता माझी फजिती सांगते. आमच्या वर्गातल्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून गावातल्या झाडांची जुनी नावं गोळा केली होती. मी ती एकाच संगणकात ठेवली. संगणक बिघडला आणि सगळं गेलं! त्यांतल्या एक आजी आज हयात नाहीत. त्यांनी सांगितलेली नावं आता कुणाला विचारायची?

म्हणून विकी निवडताना तीन प्रश्न विचारा. इंटरनेट नसताना ती चालते का? लिहिलेलं आपल्याच संगणकात राहतं का? त्याची प्रत सहज काढता येते का?

या तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हणणाऱ्या दोन विकी सांगते. दोन्ही फुकट आहेत. टिडलीविकीत सगळी पानं एकाच फाइलीत मावतात. ती पेनड्राइव्हवर घाला आणि कुठेही न्या. मात्र लिहून झालं की आठवणीने जतन करायचं आणि नवी फाइल जुनीच्या जागी ठेवायची, हे पथ्य पाळावं लागतं. दुसरी झिम. ती विंडोज आणि लिनक्स संगणकांवर चालते. तिचं प्रत्येक पान म्हणजे फोल्डरमधली एक साधी मजकुराची फाइल. जतन ती आपलं आपणच करते. घरी संगणक असेल आणि तुम्ही अगदी नवशिके असाल, तर झिमपासूनच सुरुवात करा.

येत्या रविवारी तीनच पानं लिहा : अंगणातलं एक झाड, एक सण आणि आजीचा एक जुना शब्द. ती एकमेकांना जोडा. आणि आई-बाबांनो, दर महिन्याला त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवायचं काम तुमचं बरं का!

शब्द आजीचा, पान तुमचं. हरवू मात्र द्यायचं नाही!