अनुकरण, प्रतिरूप आणि दीक्षाभूमीचा स्तूप

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचा उल्लेख ‘सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती’ असा करण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, माहितीपुस्तिकांपासून शालेय निबंधांपर्यंत हाच शब्द सर्वत्र आढळतो. बहुतेक लोक तो गौरवार्थ वापरतात. परंतु याच शब्दाच्या आडून एक आक्षेपही अधूनमधून ऐकू येतो. नवदीक्षित बौद्ध समाजाने वास्तू उभारल्या, मूर्ती बसविल्या, पण त्या सर्व उसन्या नमुन्यांच्या. त्यात त्याचे स्वतःचे असे काय आहे, असा तो आक्षेप आहे. या आक्षेपाला भावनेच्या भरात उत्तर देणे सोपे आहे. त्यापेक्षा अनुकरण या गोष्टीकडे पालि वाङ्मय कोणत्या दृष्टीने पाहते हे आधी तपासावे आणि मग स्तूपाकडे वळावे, हे अधिक फलदायी ठरेल असे वाटते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात संघभेदाची कथा येते. देवदत्त नवदीक्षित अशा पाचशे भिक्षूंना फोडून गयासीस येथे घेऊन जातो. तेथे सारिपुत्त व मोग्गल्लान येतात, तेव्हा देवदत्ताला वाटते की तेही आपल्याच पक्षाला मिळाले. रात्री बराच काळ उपदेश केल्यावर तो सारिपुत्ताला म्हणतो की, माझी पाठ दुखते आहे, आता तुम्ही भिक्षूंना धम्म सांगा. चीवराची चौपदरी घडी घालून तो उजव्या कुशीवर आडवा होतो. भगवान बुद्ध प्रसंगी अगदी असेच करीत. शब्द तेच, घडी तीच, कूसही तीच. फरक एवढाच की, तथागत स्मृती जागृत ठेवून पहुडत, आणि देवदत्ताला क्षणात झोप लागली. तो जागा होईपर्यंत भिक्षू सारिपुत्त-मोग्गल्लानांसह निघून गेले होते.

या प्रसंगावर भगवंतांनी हत्तींचा दृष्टान्त दिला आहे. अरण्यातील सरोवरात मोठे हत्ती उतरतात, कमळाचे देठ सोंडेने उपटतात, चिखल निघून जाईपर्यंत स्वच्छ धुतात आणि मग खातात. त्यामुळे त्यांचे बळ व कांती वाढते. त्यांचे पाहून हत्तीची पिल्लेही देठ उपटतात, पण न धुता चिखलासकट गिळतात आणि प्राणास मुकतात. जातककथांतही देवदत्ताच्या या ‘सुगतलीले’ची उदाहरणे आहेत. वीरक जातकातील कावळा पाणकावळ्याचे पाहून पाण्यात बुडी मारतो आणि शेवाळात अडकून मरतो.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिल्लांनी मोठ्या हत्तींकडे पाहिले, हा त्यांचा दोष म्हणून सांगितलेला नाही. मोठ्यांकडे पाहिल्यावाचून पिल्लू काही शिकणारच नाही. त्यांनी पाहिले ते खाणे. धुणे त्यांच्या नजरेतून निसटले. पालि भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द उपलब्ध आहेत. ज्येष्ठांचे पाहून त्यांच्या मागे जाणे ही ‘दिट्ठानुगति’. तिचा परिणाम चांगला की वाईट, हे पुढे कोण आहे आणि मागच्याने काय पाहिले यावर ठरते. ‘पटिरूपक’ म्हणजे मात्र खऱ्यासारखे दिसणारे खोटे. संयुत्त निकायात महाकस्सपाला भगवान सांगतात की, खोटे सोने बाजारात येत नाही तोवर खरे सोने लोपत नाही. तद्वत सद्धम्माचे प्रतिरूप उत्पन्न होईपर्यंत सद्धम्माचा लोप होत नाही. मराठीत आपण या दोहोंना सरसकट ‘नक्कल’ म्हणतो, आणि पुष्कळसा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

पाहून घेतलेल्या गोष्टीपासून नवे कसे निर्माण होते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण मला महावग्गात दिसते. दक्खिणागिरीकडे चारिका करीत असताना भगवंतांच्या दृष्टीस मगधातील शेते पडतात. चौकोनी तुकडे, लांब पट्टे, मधले बांध, एकमेकांना छेदणाऱ्या वाटा. ते आनंदाला विचारतात की, भिक्षूंसाठी अशी चीवरे तुला करता येतील काय? आनंद होकार देतो आणि तशी चीवरे करून दाखवितो. भगवान त्याची प्रशंसा करतात की, मी थोडक्यात सांगितलेले त्याने विस्ताराने जाणले. आडवी पट्टी, अर्धी पट्टी, मंडल, अर्धमंडल, गळ्याचा भाग, पोटरीचा भाग अशी प्रत्येक तुकड्याला तेथे स्वतंत्र संज्ञा आहे. तुकडे जोडून केलेले हे वस्त्र श्रमणाला शोभणारे आणि चोराला मोह न पडणारे होते. आनंदाने शेताचे चित्र वस्त्रावर काढले नाही. शेताची रचना त्याने वस्त्राच्या गरजेत बसविली. आजही कोणत्याही देशातील थेरवादी भिक्षूच्या खांद्यावर मगधाचे ते शेत दिसते, आणि त्याला कोणी नक्कल म्हणत नाही.

आता सांचीकडे वळू. ज्याची ‘प्रतिकृती’ म्हणून आपण दीक्षाभूमीकडे पाहतो, तो सांचीचा महास्तूप तरी कितपत मूळ आहे? त्याचा गाभा सम्राट अशोकाच्या काळातील विटांचा आहे. शुंगकाळात त्यावर दगडी आवरण चढवून तो जवळजवळ दुप्पट मोठा करण्यात आला, आणि तोरणे सातवाहनकाळात उभी राहिली. भोवतीचा दगडी कठडा पाहावा. उभ्या खांबांत आडव्या पट्ट्या भोके पाडून सरकविलेल्या आहेत. ही सुताराची पद्धत आहे, पाथरवटाची नव्हे. लाकडी कुंपणाचे ते दगडातील रूप आहे. दीघ निकायाच्या महासुदस्सन सुत्तात कठड्याच्या खांबाला ‘थंभ’, आडव्या पट्टीला ‘सूचि’ आणि माथ्यावरच्या पट्टीला ‘उण्हीस’ म्हटले आहे. तेच भाग सांचीत जसेच्या तसे आहेत. दक्षिण तोरणावर एक लहानसा लेख आहे. त्यात तेथील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंतकारांनी केल्याची नोंद आहे. हस्तिदंतावर चालणारा हात दगडावर आला, म्हणून तर एवढ्याशा जागेत इतकी माणसे, झाडे आणि जनावरे दाटीने मावली. महाराष्ट्रातील लेण्यांची कथाही याहून निराळी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला काहीही आधार देत नसलेल्या लाकडी कमानी आजही आहेत. डोंगर कोरून केलेल्या छताला लाकडाची गरज नव्हती; पण लाकडी सभागृहाची सवय झालेल्या डोळ्यांना ती होती.

तेव्हा अमुक नमुना घेतला की नाही, हा प्रश्न कलेच्या इतिहासात फार दूरवर नेत नाही. घेतल्यावर त्यात काय बदलले आणि का बदलले, हे विचारले पाहिजे.

या दृष्टीने दीक्षाभूमीचा स्तूप पाहू. वास्तुविशारद शिवदान मल यांनी त्याची कल्पना आखली. १९७८ साली बांधकामास आरंभ झाला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धोलपूरचा वालुकाश्म, ग्रॅनाइट आणि संगमरवर यांचा त्यात उपयोग केलेला आहे. अर्धगोल घुमट, वरची हर्मिका व छत्र, चार दिशांची द्वारे आणि तोरणे ही सांचीची खूण आहे. व्यासही सांचीप्रमाणेच सुमारे १२० फूट आहे. साम्य एवढ्यावर थांबते. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्या आत कोणी जात नाही, भोवती प्रदक्षिणा घालायची असते. नागपूरचा स्तूप आतून पोकळ आहे. माणसे दारातून आत जातात, मधोमध उभी राहतात, मान वर करून घुमट पाहतात. पोकळ स्तूप जगात हा एकटाच नाही. सहाव्या संगीतीच्या निमित्ताने १९५२ साली रंगूनला पूर्ण झालेला काबा आये पॅगोडा आतून पोकळ आहे. आपल्याकडे गोराईचा विपश्यना पॅगोडाही, ज्याचे उद्घाटन २००९ साली झाले, बाहेरून श्वेडगॉनचे रूप घेतो आणि आत हजारो साधकांना एकत्र बसता येईल असा खांबांविना घुमट ठेवतो. पण महाराष्ट्राच्या संदर्भात या पोकळीला एक विशेष अर्थ आहे. कार्ले, भाजे, अजिंठा येथे सभागृहाच्या पोटात स्तूप आहे. नागपुरात स्तूपाच्या पोटात सभागृह आहे.

हा बदल केवळ सोयीखातर झाला असे मला वाटत नाही. ही वास्तू ज्या घटनेचे स्मरण करते, तिचे स्वरूपच तसे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भदन्त चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून त्रिसरण-पंचशील ग्रहण केले. शब्द पालि, विधी परंपरागत. एका अक्षराचा फेरबदल नाही. त्यानंतर त्यांनी स्वतः समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली आणि पूर्वी कोठेही नसलेल्या बावीस प्रतिज्ञा त्यांच्याकडून म्हणवून घेतल्या. उपासकाने असा सामुदायिक दीक्षाविधी करणे आणि त्याला आपल्या समाजाच्या दुखण्यावरचे कलम जोडणे, यास परंपरेत आधार शोधूनही सापडणार नाही. त्या दिवशी जुने जसेच्या तसे घेतले गेले आणि त्याच दमात नवे घडले. तेथे केंद्रस्थानी लोक होते. ज्यांना शतकानुशतके गाभाऱ्याच्या बाहेर उभे केले गेले, त्यांच्यासाठी बांधलेल्या स्तूपाला आत जाण्याचे दार असणे ही त्या घटनेशी प्रामाणिक राहण्याची रीत आहे. दादरच्या चैत्यभूमीतही, आकाराने लहान असली तरी, हीच रीत दिसते.

कालिंगबोधि जातकात चैत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: शरीरधातूंचे ते ‘सारीरिक’, वापरलेल्या वस्तूंचे वा वृक्षाचे ते ‘पारिभोगिक’, आणि केवळ उद्देशून केलेले ते ‘उद्देसिक’. तिसरा प्रकार वस्तुरहित, मनावर अवलंबून असलेला म्हणून भगवंतांनी बाजूला ठेवला आहे. जेतवनात भगवान नसताना लोक फुले घेऊन येत आणि वंदनेला काही नसल्याने परत जात, म्हणून आनंदाने गयेच्या बोधिवृक्षाचे फळ आणवून तेथे लावविले, तोच आनंदबोधि. या वृक्षाला मूळ म्हणावे की प्रत? दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरहून आणलेल्या रोपांचा आहे. अनुराधपूरचा वृक्ष संघमित्तेने नेलेल्या फांदीचा. खुद्द बोधगयेतील जुना वृक्ष १८७६ साली कोसळला आणि त्या जागी नवा लावला गेला. ज्याला आपण मूळ म्हणतो तेही पुनःपुन्हा लावावे लागते.

याचा अर्थ जे जे पाहून केले ते ते चांगले, असा कोणी काढू नये. अलीकडे आपल्या वस्त्यांतून उभी राहणारी काही विहारे पाहिली की चिखलासकट देठ गिळणारी पिल्ले आठवतात. थायलंडमधील विहारांची उतरती, एकावर एक चढणारी छपरे तेथील धो-धो पावसासाठी आणि लाकडी सांगाड्यासाठी आहेत. विदर्भातील विहाराच्या सपाट स्लॅबवर सिमेंटची तशीच टोके बसविली, तर ती ना पाऊस अडवितात ना ऊन. साचातील मूर्तींचेही तसेच. एकच मूर्ती हजार वेळा घडविण्यात गैर काही नाही. पूर्वीचे शिल्पीही ठरलेल्या प्रमाणांनीच घडवीत. पण भूमिस्पर्श मुद्रेतील उजवा हात जमिनीपर्यंत न पोहोचता गुडघ्यावरच अधांतरी थांबलेला दिसतो, तेव्हा साचा करणाऱ्याने मूर्ती पाहिली, मुद्रा पाहिली नाही, हे उघड होते. त्या हाताने कोणाला साक्षीला बोलाविले होते, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. यात कारागिराचा दोष कमी आणि मागणी नोंदविणाऱ्या आपल्या समित्यांचा अधिक.

नक्कल मनःपूर्वक केली तर ती काय देऊ शकते, हे अजिंठ्याने दाखविले आहे. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतील अनेक लंडनमधील आगीत जळाल्या; त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतीही १८६६ साली तशाच गेल्या होत्या. तरीही ज्या भागांचा रंग आज लेण्यात उरलेला नाही, त्यांचे ज्ञान आपल्याला या प्रतींमधूनच होते.

आपल्या समित्यांनी नमुना शोधायला बँकॉकला जाण्याचे कारण नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीने शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटात विटांचा प्राचीन स्तूप निघाला, त्याच्या कठड्याचे कोरीव खांब निघाले. त्यांतील शिल्पांत मुचलिंद नागही आहे. बुद्धमूर्ती घडविण्याची प्रथा सुरू होण्यापूर्वीचे हे काम आहे. नागपूरच का निवडले, याचा खुलासा १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात करताना बाबासाहेबांनी बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नागलोकांचा उल्लेख केला होता. त्या नागाचे विदर्भातील शिल्पीने कोरलेले रूप नागपुरापासून मोटारीने दोन-तीन तासांच्या अंतरावर सापडले, तरी आपल्या एखाद्या विहाराच्या दारावर ते कोरलेले मी अद्याप पाहिलेले नाही. ज्या समितीच्या हाती सध्या बांधकाम आहे, तिने आपल्या मूर्तिकाराला एक दिवस पवनीची माती तुडवायला न्यावे, आणि सोबत मोजपट्टी व कागद द्यावा.