विश्लेषण : फ्लोरिडाची कौटुंबिक सहल आखताना आधी काय ठरवावे – ठिकाणे की महिना?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे आई-वडील राहायला गेले की नातवंडांना घेऊन फ्लोरिडाची सहल ठरतेच. डिस्नेचे विश्व, नासाचा अवकाशतळ, दोन्ही बाजूंना समुद्र आणि पाणथळ अभयारण्य एकाच राज्यात असल्याने ठिकाणांची यादी लांबत जाते. मात्र शाळेच्या सुट्टीमुळे ही सहल अनेकदा जून ते ऑगस्ट या काळात होते. तेव्हा तिथे कडक उकाडा, रोजचा पाऊस आणि चक्रीवादळांचा हंगाम असतो. तीन पिढ्या एकत्र प्रवास करणार असतील तर तारखांची निवड केवळ सोयीची बाब राहत नाही. ज्येष्ठांची प्रकृती, मुलांची सुरक्षितता आणि आगाऊ भरलेले पैसे त्यावर अवलंबून असतात.

अंतराचा अंदाज कुठे चुकतो?

फ्लोरिडाचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ७० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक आहे. त्यामुळे ‘एका आठवड्यात सारे राज्य’ असा समज होतो. पण राज्याचा आकार लांबट आणि काटकोनात वळलेला आहे. वायव्येच्या पेन्साकोलापासून दक्षिण टोकाच्या की वेस्टपर्यंतचे अंतर १,३०० किलोमीटरहून जास्त भरते. ऑर्लँडो ते मायामी सुमारे ३८० किलोमीटर, म्हणजे साडेतीन ते चार तास लागतात. मायामी ते की वेस्ट आणखी २६० किलोमीटर आहे. ऑर्लँडोहून पेन्साकोला गाठायला सात तास लागू शकतात आणि तिथले घड्याळ एक तास मागे असते, कारण राज्याचा पश्चिमेकडील पट्टा वेगळ्या कालविभागात येतो. म्हणूनच सात-आठ दिवसांत एकच भाग निवडणे शहाणपणाचे ठरते. एक भाग ऑर्लँडोभोवतीचा मध्य व ईशान्य फ्लोरिडा, तर दुसरा मायामी, एव्हरग्लेड्स आणि की बेटांचा दक्षिण फ्लोरिडा. दोन्ही पाहायचे असतील तर किमान दहा-बारा दिवस हवेत.

कोणता महिना योग्य?

फ्लोरिडात ढोबळमानाने दोनच ऋतू मानले जातात. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत ओला आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा. जुलै-ऑगस्टमध्ये ऑर्लँडोत दुपारचे तापमान ३३ अंशांच्या आसपास असते, पण दमटपणामुळे ते ४० अंशांहून अधिक जाणवते. बहुतेक दुपारी गडगडाटी पाऊस होतो. विजा पडण्याचे प्रमाणही मोठे असल्याने वादळ जवळ आले की उघड्यावरचे पाळणे आणि जलतरण तलाव बंद केले जातात. तासभर रांगेत उभे राहून परत फिरण्याची वेळ येऊ शकते.

कोरड्या ऋतूत हवा सुखद असते, पण त्यातही गर्दीचे टप्पे आहेत. नाताळ ते नववर्षाचा आठवडा, नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि मार्चमधील वसंत ऋतूची सुट्टी या काळात दर आणि रांगा दोन्ही वाढतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी त्यातल्या त्यात बरे असे दोन काळ उरतात. पहिला एप्रिलअखेर ते मेचा पूर्वार्ध. तोवर अमेरिकी शाळांना उन्हाळी सुट्टी लागलेली नसते आणि समुद्राचे पाणी पोहण्याजोगे झालेले असते. दुसरा काळ दिवाळीच्या सुट्टीचा, विशेषतः दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तेव्हा. डिसेंबर-जानेवारीत पोहण्याचा आग्रह नसावा. उत्तर आणि मध्य भागात तेव्हा रात्री स्वेटर लागतो.

चक्रीवादळाचा हिशेब कसा करावा?

अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो आणि साधारणपणे १० सप्टेंबरच्या आसपास तो शिगेला पोहोचतो. अलीकडची मोठी वादळे पाहिली तरी हेच दिसते. ‘इयन’ २८ सप्टेंबर २०२२ रोजी, ‘हेलेन’ २६ सप्टेंबर २०२४ रोजी आणि ‘मिल्टन’ ९ ऑक्टोबर २०२४ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले. ‘इयन’ आणि ‘मिल्टन’च्या वेळी ऑर्लँडोतला विमानतळ आणि मोठी मनोरंजन उद्यानेही बंद ठेवावी लागली होती. हे शहर समुद्रापासून आत असूनही ही वेळ आली.

या हंगामात जायचेच असेल तर तीन गोष्टी आधी पाहाव्यात. हॉटेल आणि विमानाचे आरक्षण रद्द करता येण्याजोगे असावे. प्रवास विमा आरक्षणाबरोबरच घ्यावा. वादळाला नाव दिल्यानंतर घेतलेल्या विम्यात त्या वादळामुळे झालेले नुकसान सहसा धरले जात नाही. तिसरी गोष्ट म्हणजे हवामान नकाशाचे वाचन. राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्र दाखवत असलेला शंकूच्या आकाराचा पट्टा वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग सांगतो, नुकसानीची हद्द नव्हे. पट्ट्याबाहेरही पूर आणि सोसाट्याचा वारा येऊ शकतो. किनारी भागांना स्थलांतरासाठी इंग्रजी अक्षरांनी विभाग दिलेले असतात. हॉटेल कोणत्या विभागात येते हे पोहोचल्याच दिवशी विचारून ठेवावे.

ऑर्लँडोत किती दिवस द्यावेत?

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. आज तिथे मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम अशी चार स्वतंत्र उद्याने आहेत. शेजारच्या युनिव्हर्सलने २२ मे २०२५ रोजी ‘एपिक युनिव्हर्स’ हे नवे उद्यान उघडले. प्रत्येक उद्यानाला पूर्ण दिवस लागतो. डिस्नेच्या तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो आणि एका दिवसाला माणशी १०० डॉलरच्या पुढेच असतो. तीन वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पण दहाव्या वर्षापासून मूल प्रौढ धरले जाते. त्यामुळे सहा जणांच्या कुटुंबाने सगळी उद्याने करायची ठरवली तर सहलीचा मोठा खर्च इथेच होतो.

मुलांच्या वयाला साजेशी दोन उद्याने निवडून मध्ये एक मोकळा दिवस ठेवणे अनेक कुटुंबांना पुरते. एका उद्यानात दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांसाठी तिथे चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. मोकळ्या दिवशी ऑर्लँडोच्या उत्तरेला तासाभराच्या आत असलेले ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क पाहता येते. झऱ्याचे पाणी वर्षभर २२ अंशांवर असल्याने थंडीत मॅनाटी हे समुद्रगायीच्या कुळातले संथ प्राणी शेकड्यांनी इथे उबेला येतात. प्रवेशशुल्क माणशी नव्हे, तर गाडीमागे सहा डॉलर आहे.

डिस्नेखेरीज आसपास काय?

ऑर्लँडोहून पूर्वेला तासाभरावर केनेडी अवकाश केंद्र आहे. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ येथूनच चंद्राकडे झेपावले. निवृत्त झालेले ‘अटलांटिस’ अवकाशयान आणि ‘सॅटर्न ५’ हे महाकाय रॉकेट इथे जवळून पाहता येते. भारतीय कुटुंबांसाठी या जागेचे वेगळे महत्त्व आहे. कल्पना चावला यांची दोन्ही उड्डाणे येथूनच झाली आणि कर्तव्यावर प्राण गमावलेल्या अंतराळवीरांच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. शुभांशू शुक्ला यांनीही २५ जून २०२५ रोजी येथूनच उड्डाण केले. प्रत्यक्ष प्रक्षेपण दिसले तर उत्तम, पण त्याच्या तारखा वारंवार पुढे ढकलल्या जातात. म्हणून परतीचे तिकीट त्या भरवशावर ठरवू नये.

ईशान्येला दोन तासांवरचे सेंट ऑगस्टिन हे शहर स्पॅनिशांनी १५६५ मध्ये वसवले. तिथल्या कास्तियो दे सान मार्कोस किल्ल्याचे बांधकाम १६७२ मध्ये सुरू झाले, म्हणजे सिंधुदुर्गाची पायाभरणी होऊन आठ वर्षे झाल्यावर. शिंपल्यांच्या थरांपासून बनलेला सच्छिद्र दगड त्यासाठी वापरला आहे. तोफगोळा लागला की तो फुटण्याऐवजी दबत असे.

दक्षिण फ्लोरिडा निवडल्यास?

मायामीच्या पश्चिमेला एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान सुरू होते. १९४७ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान म्हणजे गवतातून अतिशय संथ वाहणारी रुंद नदीच आहे. अ‍ॅलिगेटर आणि मगर दोन्ही नैसर्गिक अवस्थेत एकत्र आढळणारा हा जगातला एकमेव भाग मानला जातो. कोरड्या ऋतूत पाणी आटते आणि प्राणी-पक्षी उरलेल्या डबक्यांभोवती जमतात. ओल्या ऋतूत ते विखुरतात आणि डासांचा त्रास होतो. शार्क व्हॅली प्रवेशद्वारापासून २४ किलोमीटरच्या फेरीवर ट्रामने जाता येते, त्यामुळे चालू न शकणाऱ्यांनाही उद्यान पाहता येते.

इथे परदेशी पाहुण्यांसाठी एक नवा बदल लक्षात घ्यायला हवा. १ जानेवारी २०२६ पासून अकरा लोकप्रिय राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ वर्षे व त्यावरील प्रत्येक पर्यटकाला नेहमीच्या शुल्काशिवाय १०० डॉलर जादा द्यावे लागतात. त्या यादीत एव्हरग्लेड्स आहे. भारतातून आलेल्या आई-वडिलांचे इथेच २०० डॉलर होतात. लगतच्या बिग सायप्रस राखीव क्षेत्राला प्रवेशशुल्क नाही. तिथल्या रस्त्यालगतच्या लाकडी मार्गावरूनही अ‍ॅलिगेटर दिसतात.

की वेस्टकडे जाणारा समुद्रावरचा महामार्ग सुमारे १८० किलोमीटरचा असून त्यावर ४२ पूल आहेत. हेन्री फ्लॅगलर यांनी १९१२ मध्ये इथवर रेल्वे नेली होती. १९३५ च्या चक्रीवादळात ती उद्ध्वस्त झाली आणि तिच्या मार्गावर १९३८ मध्ये रस्ता झाला. बेटांवरून बाहेर पडायला हा एकच रस्ता आहे. त्यामुळे वादळाचा इशारा मिळताच पर्यटकांना सर्वात आधी निघायला सांगितले जाते. मायामीहून एका दिवसात जाऊन येण्यात आठ तास गाडीतच जातात. बेटावर एक मुक्काम ठेवल्यास प्रवास सुसह्य होतो.

छुपे खर्च कोणते?

भारतातून फ्लोरिडाला थेट विमान नाही, त्यामुळे एक थांबा धरूनच दिवस मोजावेत. ऑर्लँडो ज्या ऑरेंज काउंटीत येते तिथे खोलीच्या भाड्यावर विक्रीकर आणि पर्यटनकर मिळून १२.५ टक्के लागतात. अनेक टोलमार्गांवर रोख रक्कम घेतली जात नाही. भाड्याच्या गाडीवर टोलसोबत सेवाशुल्कही लागू शकते, म्हणून गाडी घेतानाच टोलची पद्धत विचारावी. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडल्यास बहुधा जादा आकार पडतो. ऑर्लँडो-मायामी मार्गावर २०२३ पासून ‘ब्राइटलाइन’ रेल्वेचा पर्यायही आहे. पाच वर्षे व त्याखालील मुलांसाठी गाडीत वेगळे आसन कायद्याने बंधनकारक आहे.

ज्येष्ठ आणि मुलांची काळजी काय?

अमेरिकेतील वैद्यकीय खर्च पाहता ज्येष्ठांसाठी प्रवासी आरोग्य विमा टाळण्यासारखा नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आधीपासून असल्यास त्यावरील उपचार विम्यात किती येतात, ते अटींत वाचूनच विमा घ्यावा. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत असावीत, गाडीच्या डिकीत नव्हे. तिथल्या उन्हात ती खराब होतात.

समुद्रकिनारी रंगीत झेंडे पाहिल्याशिवाय पाण्यात उतरू नये. लाल झेंडा म्हणजे मोठा धोका, दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात जाण्यास बंदी आणि जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव. आत खेचणाऱ्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. गोड्या पाण्याच्या कोणत्याही तळ्यात अ‍ॅलिगेटर असू शकतो, हे धरून मुलांना काठापासून दूर ठेवावे. त्याला खाऊ घालणे हा गुन्हा आहे.

आठ दिवसांचा आराखडा कसा असू शकतो?

पहिला दिवस पोहोचण्याचा आणि विश्रांतीचा. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी एकेक उद्यान, मधला दिवस झऱ्याकाठी किंवा हॉटेलच्या तलावावर. पाचव्या दिवशी केनेडी केंद्र, सहाव्या दिवशी सेंट ऑगस्टिनला मुक्काम, सातव्या दिवशी किल्ला आणि समुद्रकिनारा, आठव्या दिवशी परत. ओल्या ऋतूत हाच आराखडा वापरायचा तर बाहेरचे कार्यक्रम सकाळी उरकून दुपार छपराखाली काढावी आणि एक दिवस कोणत्याही आरक्षणाविना मोकळा सोडावा. पाऊस किंवा आजारपण आले तर तोच दिवस उपयोगी पडतो.